आईवडील गेल्यावर त्यांच्या हातच्या जेवणाबद्दल लिहिताना

आई किंवा वडील गेल्यावर त्यांच्या हातच्या जेवणाबद्दल लिहावंसं वाटतं. बहुतेक जण तेव्हा कोरा कागद घेऊन बसतात, पहिलं वाक्य दुःखाचं लिहितात आणि तिथेच अडतात. दुःखासाठी आपल्याकडे शब्द थोडे आहेत आणि ते सगळे वापरून गुळगुळीत झालेत. भांडी, मापं आणि सवयी यांच्यासाठी मात्र शब्दांचा तुटवडा नाही. म्हणून क्रम उलटा ठेवा. जे नाहीसं होणार आहे ते आधी वाचवा, मग एक पदार्थ मोजूनमापून उभा करा, मग घरातल्यांना विचारा, आणि लिहायला सगळ्यात शेवटी बसा. लिखाणाला वर्ष लागलं तरी बिघडत नाही. वाचवण्याचं काम मात्र पहिल्या काही आठवड्यांतच उरकावं लागतं.

आधी वाचवायचं ते

सगळ्यात लवकर फोन हातचा जातो. व्हॉट्सॲपचं खातं साधारण १२० दिवस वापरलं गेलं नाही तर काढून टाकलं जातं. गूगलचं वैयक्तिक खातं २ वर्षं पडून राहिलं तर आतल्या फोटो-मेलसकट पुसलं जाऊ शकतं. ‘येताना कांदे आण’ एवढाच आवाजी निरोप पुढे लिखाणाला शंभर आठवणींपेक्षा जास्त उपयोगी पडतो, कारण त्यात त्यांचा स्वर आणि वाक्य तोडण्याची लकब असते. त्यांनी तुम्हाला पाठवलेले निरोप तुमच्या फोनमध्येही असतात. ते गप्पांचं पान एक्स्पोर्ट करताना ‘मीडियासह’ हा पर्याय घ्या आणि प्रत दोन वेगळ्या जागी ठेवा. फाइलला नाव देताना तारीख आधी लिहा, मग आवाज कुणाचा आणि विषय काय ते. त्यांचा नंबर घाईने बंद करू नका. इतर खात्यांचे ओटीपी त्याच नंबरवर येतात.

दुसरं स्वयंपाकघर. मदतीला आलेली माणसं मायेने डबे घासतात, फळ्या पुसतात, सगळं नीट लावून ठेवतात आणि त्या नीटपणात सगळी माहिती बुडते. कुठला डबा उजव्या हाताशी होता, कुठला वरच्या फळीवर मागे होता, कुठल्या डब्यात कायमचा चमचा पडलेला असे, यावरून रोजचं काय आणि सटीसहामासी लागणारं काय ते कळतं. म्हणून आवराआवर सुरू होण्याआधी फोटो काढा. प्रत्येक फळी समोरून एकदा, मग डबे उघडून वरून एकदा. डब्यात किती उरलं होतं तेही फोटोत यायला हवं. नेहमीची वाटी, पेला, चमचा, पळी वेगळी काढून ठेवा. घरातल्यांना स्पष्ट सांगा की ही चार भांडी कुणाला द्यायची नाहीत. ती स्मृतिचिन्हं तर आहेतच, पण त्याहून आधी ती मापं आहेत.

तिसरं कागद. कृतींची वही असेल तर पुसायला, चिकटवायला जाऊ नका. आहे तशी ३०० डीपीआयवर (दर इंचाला ३०० ठिपके) स्कॅन करा. पेन्सिलीचं किंवा बारीक अक्षर असेल तर ६०० वर. कोरी वाटणारी मागची पानंही घ्या. हिशेब, फोन नंबर, अर्धवट याद्या तिथेच सापडतात. लॅमिनेशन करू नका आणि सेलोटेप लावू नका. दोन्ही कागदाला कायमचं नुकसान करतात, शिवाय टेपचा गोंद पिवळा पडून अक्षर खातो. तेलाचे डाग फार बोलके असतात. ज्या पानावर डाग जास्त, तो पदार्थ घरात जास्त झाला. वहीतला मजकूर उतरवून घेताना त्यांचं शुद्धलेखन सुधारू नका.

‘हाताला चव होती’ याच्या पुढे जाणं

माणूस गेलं की घरात हे वाक्य हमखास येतं. ते खरं असतं, पण तिथे थांबलात तर लिहायला काहीच उरत नाही. चव हाताला होती म्हणजे हात काहीतरी करत होता. काय, किती आणि केव्हा, ते शोधायचं.

एकच पदार्थ निवडा. तोही सणासमारंभाचा नको, आठवड्यातून दोनदा होणारा साधा घ्या, कारण त्यातच सवय सगळ्यात पक्की असते. मग कुठल्या काळातली चव हवी ते ठरवा. हा प्रश्न बहुतेक जण विसरतात. वयाबरोबर वास आणि चव घेण्याची क्षमता कमी होते, त्यामुळे उतारवयात मीठ किंवा साखर नकळत वाढत जाते. उलट डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं असेल तर पदार्थ अळणी होत जातो. तुम्ही दहा वर्षांचे असताना खाल्लेला रस्सा आणि शेवटच्या वर्षातला रस्सा हे दोन वेगळे पदार्थ असू शकतात. भावंडांची चवीवरून होणारी निम्मी भांडणं इथूनच निघतात.

त्यांची वाटी वजनकाट्यावर ठेवा, काटा शून्य करा आणि ते जिथपर्यंत भरत तिथपर्यंत पाणी घाला. १ ग्रॅम पाणी म्हणजे १ मिलिलिटर, त्यामुळे जितके ग्रॅम तितकी वाटीची धारणक्षमता. चमच्याचंही असंच करा. छापील कृतीतला छोटा चमचा ५ मिलिलिटरचा आणि मोठा बहुतेक ठिकाणी १५ चा असतो. घरातला चमचा या दोन्हींत बसत नाही असंच बहुधा निघतं, आणि पुस्तकात बघून केलेला पदार्थ का जमत नव्हता ते तिथे कळतं.

चिमूट, मूठ, ‘एवढंसं’ यांच्यासाठी उलटं वजन करा. मिठाचा डबा आधी तोला, हाताने मीठ घाला, डबा पुन्हा तोला. जो फरक येतो तेवढं मीठ पडलं. चिमटीसाठी साधा काटा अपुरा पडतो, ०.१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा घ्या, किंवा दहा चिमटी एका कागदावर टाकून वजनाला दहाने भागा. मूठ त्यांच्या हाताची होती, तुमच्या नाही, हे विसरू नका. अंगाबांध्याने त्यांच्यासारखी असलेली मावशी, काका किंवा बहीण असेल तर मूठ त्यांना भरायला सांगा.

मिठाला एक आधार धरता येतो. शिजवलेल्या खारट पदार्थात मीठ साधारणपणे तयार वजनाच्या १ टक्क्याच्या आसपास असतं. दीड किलो रस्सा असेल तर सुरुवात १५ ग्रॅमने करा आणि तिथून वर-खाली जा. बारीक मिठाचा ५ मिलिलिटरचा सपाट चमचा सुमारे ६ ग्रॅमचा भरतो. जाड मीठ त्याच चमच्यात कमी बसतं, म्हणून घरात कुठलं मीठ होतं ते फोटोत बघून घ्या.

एका वेळी एकच गोष्ट बदला. तेल वाढवलं, आच कमी केली आणि कांदाही जास्त घेतला, तर चव जवळ आली तरी कशामुळे आली ते कळणार नाही. प्रत्येक खेपेला तारीख, वजनं, भांडं, वेळ आणि चाखणाऱ्याचे नेमके शब्द लिहा. ‘छान झालं’ हा शेरा निरुपयोगी आहे. ‘तिच्यात कांदा दाताखाली यायचा नाही’ हा शेरा सोन्यासारखा आहे.

पदार्थ का जमत नाही याची कारणं बहुतेक वेळा घटकांत नसतात. कांद्यालाच बघा. कृतीत ‘लालसर होईपर्यंत परतावा’ एवढंच असतं, पण अर्धा किलो कांदा खोलवर तपकिरी व्हायला मंद आचेवर अर्धा-पाऊण तास जातो. आपण दहा मिनिटांत आच वाढवून कडा जाळतो आणि मग मसाल्याला दोष देतो. भांडं बदललं तरी चव बदलते. जाड बुडाचं लोखंड उष्णता धरून ठेवतं, पातळ भांडं थंड भाजी पडली की लगेच निवतं आणि परतायच्या ऐवजी भाजी आपल्याच पाण्यात शिजते. मापाचाही वाटा मोठा आहे. सहा माणसांचा पदार्थ दोघांसाठी केला तर तळाच्या मानाने रस उथळ होतो, पाणी लवकर आटतं, आणि सगळं तिसऱ्या हिश्शाने घेऊनही दाटपणा वेगळा येतो. म्हणून पहिल्या खेपेला मूळच्या मापानेच करा, उरलं तर वाटा. आणखी एक कारण अगदी साधं आहे: ते सकाळी करून ठेवत आणि तुम्ही दुपारी खात होता. तीन-चार तास मुरलेली चव ताज्या पदार्थात शोधून सापडत नाही.

चार-पाच प्रयत्नांनंतर थांबा, असं आमचं मत आहे. त्यानंतरचा प्रत्येक प्रयत्न पदार्थासाठी कमी आणि माणूस परत यावं म्हणून जास्त असतो, आणि तो दर वेळी फसल्यासारखा वाटतो. जेवढा फरक उरला तेवढा लिहून ठेवा: ‘रंग जुळला, आंबटपणा जुळला, शेवटचा कसलासा भाजका वास आला नाही.’ हे वाक्य तुमच्या लेखात जाणार आहे.

वही स्वयंपाकघरातच उघडी ठेवा. वासाची संवेदना इतरांसारखी आधी थॅलॅमसमधून, म्हणजे मेंदूतल्या संवेदना पुढे पाठवणाऱ्या ठाण्यातून, न जाता मेंदूतल्या भावना आणि आठवणींशी जोडलेल्या भागांपर्यंत जवळपास थेट पोहोचते. कांदा तापत असताना आठवलेलं वाक्य जेवण होईपर्यंत टिकेलच असं नाही. ओल्या हाताने चार शब्द खरडून ठेवलेले पुरतात.

घरातल्यांना विचारताना

‘आई कशी होती?’ असं विचारलं की श्रद्धांजली मिळते. नेमकं विचारा. ती ताटावर कधी बसायची, सगळ्यांबरोबर की मागून? करपलेला घास कुणाच्या वाट्याला जायचा? तिला स्वतःला काय आवडायचं, आणि ते घरात किती वेळा व्हायचं? कुठल्या पदार्थावरून भांडण झालं होतं? बाबा स्वयंपाकघरात पाऊल टाकत ते कशासाठी? भांडी कोण घासायचं? उत्तर देणाऱ्याच्या हातात काहीतरी काम द्या, लसूण सोलायला, भाजी निवडायला. नजर कामावर असली की माणसं मोकळी बोलतात. फोन एअरप्लेन मोडवर टाकून ध्वनिमुद्रण करा, आधी परवानगी घेऊन. पाऊण तासापेक्षा जास्त ताणू नका, विशेषतः वयस्कर माणसांना. बोलणं आटलं तर जुन्या स्वयंपाकघराचा नकाशा काढायला सांगा: शेगडी कुठे, खिडकी कुठे, पाणी कुठे. नकाशा काढताना माणसं चालू लागतात आणि चालता चालता सांगू लागतात.

दोन भावंडं दोन वेगळ्या गोष्टी सांगतील. फ्रेडरिक बार्टलेट या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने १९३२ मध्येच दाखवून दिलं होतं की आठवण ही साठवलेली चित्रफीत नसते, ती दर वेळी नव्याने रचली जाते. तेव्हा कोण खोटं बोलतंय हे ठरवत बसू नका. थोरल्याला मिळालेली आई पंचवीस वर्षांची होती, धाकट्याला मिळालेली पस्तिशीची. दोन्ही आवृत्त्या नावांसकट ठेवा: ‘ताई म्हणते साखर घालायची, दादा म्हणतो कधीच नाही.’ असं एक वाक्य घरातलं नातं दोन परिच्छेदांपेक्षा लवकर उभं करतं.

लिहायला बसल्यावर

पहिला खर्डा १५ ते २० मिनिटांचा, गजर लावून. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनबेकर यांनी १९८० च्या दशकात भावना लिहून काढण्याच्या ज्या पद्धतीचा अभ्यास सुरू केला तिच्यातही बैठक एवढीच छोटी असते आणि ती सलग तीन-चार दिवस करतात. लिहून उठल्यावर काही वेळ जास्त उदास वाटतं, हेही त्या अभ्यासांत दिसलं. तेव्हा झोपण्याआधी लिहू नका आणि बैठकीनंतर लगेच कुणाला भेटायचं, चालायला जायचं असं काही ठरवून ठेवा. लिहिल्याने दुःख ‘निघून जाईल’ ही अपेक्षा मात्र ठेवू नका. शोकाच्या अभ्यासक मार्गारेट स्ट्रोब आणि सहकाऱ्यांनी जोडीदार गमावलेल्या माणसांवर केलेल्या २००२ च्या अभ्यासात, भावना लिहून काढल्याने शोकातून सावरणं सोपं झालं असं आढळलं नाही. लेख लिहायचा तो लेखासाठी, आणि त्या माणसासाठी.

एक पदार्थ, एक दिवस, एक खोली एवढाच आवाका घ्या. पूर्ण आयुष्य एका लेखात कोंबलं की जन्मतारखेपासून निधनापर्यंतची यादी होते.

मराठीत या विषयावर लिहिताना सगळ्यात मोठा खड्डा क्रियापदांचा आहे. ‘करायची, घालायची, म्हणायची, वाढायची’: पान भरून नुसत्या सवयी येतात आणि एकही दिवस उजाडत नाही. खर्डा झाला की पेन घेऊन अशी सगळी क्रियापदं अधोरेखित करा. पानावर पाच-सहांपेक्षा जास्त असतील तर बाकीची ‘केली, घातली, म्हणाली’ अशी एका ठरावीक दिवसात आणून बसवा. तो दिवस नेमका आठवत नसेल तर तसं लिहा, रचू नका.

दुसरा खड्डा कर्ता गाळण्याचा. ‘सात वाजता जेवण तयार असायचं.’ कुणी केलं? ‘घर कायम पाहुण्यांनी भरलेलं.’ त्यांना वाढून कोण उभं होतं? अशा प्रत्येक वाक्यात काम करणारं माणूस परत आणा. लेख त्याच माणसाबद्दल आहे.

तिसरी गोष्ट संबोधनाची. घरात आईला ‘आई, तू’ म्हणत असाल तर ती गेल्यावर लेखात ‘आई म्हणाल्या’ करू नका. बाबांना ‘अहो’ म्हणत असाल तर ‘बाबा आले’ तसंच राहू द्या. आदर वाढवला की माणूस दूर जातं. त्यांच्या तोंडचं बोलणं त्यांच्याच बोलीत लिहा, प्रमाण मराठीत भाषांतर करून नको. मृत्यूसाठी घरात बोलाल तोच शब्द वापरा. ‘गेली’, ‘वारले’ पुरेसं आहे.

समजा, खर्ड्यात असा उतारा आला:

‘आई साक्षात अन्नपूर्णा होती. तिच्या हातच्या रश्श्याची चव आजही जिभेवर रेंगाळते. त्यात तिची माया उतरलेली असायची. ती गेली आणि स्वयंपाकघर पोरकं झालं.’

यातलं एकही वाक्य खोटं नाही, पण ते कुठल्याही आईबद्दल लिहिता येईल. आता हा नमुना बघा:

‘रश्श्याला उकळी आली की आई आच बारीक करायची आणि झाकण तिरकं ठेवायची. चाखून ती कधी बघत नसे. पळी नाकाजवळ धरून वास घ्यायची आणि मीठ कमी आहे की नाही ते सांगायची. त्या वर्षी तापानंतर तिला वास येईनासा झाला. तेव्हा तिने पहिल्यांदा मला हाक मारली, “चाखून बघ रे.” मी म्हणालो, बरोबर आहे. मीठ मुळात पडलंच नव्हतं.’

इथे दुःखाचा शब्द नाही, मायेचाही नाही. सवयीची वाक्यं आधी आली आणि ‘त्या वर्षी’पाशी एक प्रसंग सुरू झाला. मुलगा जे खोटं बोलला त्यात दोघांमधलं सगळं आलं. तुमच्या खर्ड्यात माया, ऊब, पोरकं, रेंगाळणं हे शब्द जिथे आहेत तिथे खूण करा आणि प्रत्येक ठिकाणी विचारा: हे मला कशावरून वाटलं? जे उत्तर येईल ते लिहा, मूळ शब्द काढून टाका.

शेवटच्या दिवसांतलं जेवण

हा भाग बहुतेक जण गाळतात, किंवा सगळा लेखच त्याने भरून टाकतात. लिहायला हवा, पण एकूण मजकुराच्या पाव हिश्शाच्या आत. तिथेही नेमकेपणा ठेवा: किती चमचे गेले, काय थुंकून टाकलं, अचानक कशाची आठवण काढली, पेल्यातली नळी कोण धरत होतं.

अपराधी वाटणं इथेच सगळ्यात जास्त असतं. ‘दोन घास जास्त भरवले असते तर.’ हे वाक्य लिहिण्याआधी एक गोष्ट जाणून घ्या. दुर्धर आजाराच्या अखेरच्या टप्प्यात भूक आणि तहान मावळणं हा शरीर थांबत जाण्याचाच भाग असतो. तेव्हा बळेच भरवल्याने ताकद येत नाही, उलट घास श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. माणूस जेवत नव्हतं म्हणून गेलं असं आपल्याला वाटतं. बहुतेकदा ते जात होतं म्हणून जेवत नव्हतं. तुमची अपराधी भावना लेखात असू द्या, तिच्याशेजारी ही वस्तुस्थितीही ठेवा.

सगळी नाती गोड नसतात. ताटावरून बोलणी खाल्लेली असतील, वजनावरून टोमणे असतील, रागाने उपाशी झोपवलं असेल, तर तेही लिहिता येतं आणि त्याच रीतीने: काय वाढलं होतं, कोण काय म्हणालं, ताट कुणी उचललं. निवाडा लिहू नका, प्रसंग पुरतो. वडिलांनी कधीच स्वयंपाक केला नसेल तर ते काय आणून देत, कसं जेवत, काय बाजूला काढून ठेवत, यावर लेख उभा राहतो.

अवघड भाग एका बैठकीत रेटू नका. मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट यांनी १९९९ मध्ये मांडलेल्या प्रतिमानानुसार शोकात माणूस नुकसानीकडे आणि रोजच्या जगण्याकडे आलटून पालटून वळत असतं, आणि हे हेलकावे स्वाभाविक असतात. लिखाणातही तसंच करा: एक दिवस आजारपणाचं पान, दुसऱ्या दिवशी वाट्यांची वजनं. मात्र महिने उलटले तरी रोजची कामं होत नसतील, ओढ तेवढीच तीव्र असेल, जगणं निरर्थक वाटत असेल, तर वही बाजूला ठेवून मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. दीर्घकाळ रेंगाळणाऱ्या शोकाचं निदान आज मान्य आहे. त्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात किमान ६ महिन्यांची, तर २०२२ च्या अमेरिकी मनोविकार नियमावलीत प्रौढांसाठी १२ महिन्यांची मुदत धरली आहे. त्यावर उपचार आहेत. स्वतःच्या जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील तर मुदत बघू नका, त्याच दिवशी मदत मागा.

मजकूर आणि कृती एकत्र आणताना

कृती लेखाच्या शेवटी वेगळी द्या, वाक्यावाक्यात पेरू नका. वाचणारा पीठ लागलेल्या हाताने आठवणी चाळणार नाही. वर किती जणांसाठी आणि कुठलं भांडं ते लिहा. घटक वापरायच्या क्रमाने, ग्रॅममध्ये, आणि पुढे त्यांच्या मापात: ‘पीठ २१० ग्रॅम (आईची वाटी, शीग लावून)’. वेळेबरोबर खूणही द्या, कारण शेगड्या वेगळ्या असतात: ‘१२ मिनिटं, कडेला तेल सुटेपर्यंत’. जिथे तुम्ही अंदाज बांधला तिथे तसं लिहा. मग ज्याने कधी तो पदार्थ खाल्ला नाही अशा कुणालातरी कृती देऊन करायला सांगा आणि तुम्ही तोंड उघडू नका. तो जिथे अडेल तिथे तुमच्याकडून काहीतरी लिहायचं राहिलंय.

छापण्याआधी किंवा टाकण्याआधी लेख भावंडांना आणि हयात असलेल्या पालकांना दाखवा. तथ्यं दुरुस्त करा. मत तुमचं आहे, ते बदलायची गरज नाही. पण आजार, पैसा आणि जुनी भांडणं यांतलं कुणी काही गाळायला सांगितलं तर आधी महिनाभर थांबा, मग ठरवा. लेख मोठ्याने वाचून बघा. आवाज अडखळला की दोन शक्यता असतात, वाक्य मोडकं आहे किंवा खरं आहे. मोडकं असेल तेवढंच बदला.

घरासाठी छापील प्रत काढलीत तर कृतीखाली कितवा प्रयत्न आणि तारीख लिहा आणि समोरचं पान कोरं ठेवा. ताई त्यावर साखरेचं लिहील.